उन्हात काढलेल्या फोटोत पांढरे कपडे दरवेळी जळतात? नेमकं कुठे बिघडतं ते असं शोधा

लक्षण सगळ्यांचं सारखंच. चेहरा छान आलाय, डोळे शार्प आहेत, बॅकग्राउंड मऊ झालंय, आणि गळ्याखाली शर्टाच्या जागी कोरा कागद चिकटवल्यासारखा पांढरा ठिगळ. चुण्या नाहीत, शिवण नाही, खिशाची कडसुद्धा नाही. पुढच्या फोटोत एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) कमी करावं तर शर्ट परत येतो, पण चेहरा काळवंडतो. वाढवावं तर चेहरा येतो आणि शर्ट जातो. अर्धा तास हाच झोका चालतो, आणि समोरचा माणूस उन्हात उभा राहून कंटाळतो.

हा प्रश्न माझ्यासाठी खरा महत्त्वाचा झाला तो एका काकूंच्या पोर्ट्रेटमुळे. त्यांच्या पांढऱ्या ब्लाउजच्या कॉलरवर त्यांनी स्वतः, पांढऱ्याच दोऱ्याने, बारीक वेल भरली होती. भर दुपारी, मोकळ्या जागेत मी फोटो काढले. काकूंनी चष्मा वर करून स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "अरे, माझी वेल कुठे गेली?" वेल फाइलमध्येच नव्हती. रॉ फाइल (सेन्सरने नोंदलेली मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती) उजेडात कितीही खाली ओढली तरी कॉलर पांढऱ्याची राखाडी होत होती, बस्स. कुणीतरी हाताने केलेलं काम माझ्या फोटोत शिल्लक राहिलं नाही, याचं वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. त्यानंतर मी एक्स्पोजरशी झटापट करणं थांबवलं आणि आधी कारण शोधायला लागलो. कारणं चार-पाचच आहेत, पण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

आधी खात्री करा: खरंच जळलंय का?

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पांढरा भाग काळा-पांढरा लुकलुकतो म्हणजे तो गेलाच असं नाही. ती सूचना आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) कॅमेऱ्याने बनवलेल्या जेपेगवरून येतो, तुम्ही रॉ काढत असलात तरीही. जेपेगमध्ये जळलेलं दिसलं तरी रॉमध्ये बहुतेक वेळा अर्धा ते एक स्टॉप जागा उरलेली असते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). जेपेगचा रंग-कॉन्ट्रास्ट ठरवणारी पिक्चर स्टाइल 'व्हिव्हिड', म्हणजे भडक, असेल तर सूचना आणखी लवकर लुकलुकते. म्हणून मी स्टाइल 'न्यूट्रल' ठेवतो. फोटो स्क्रीनवर फिका दिसतो, पण हिस्टोग्राम खरं बोलतो. उन्हात स्क्रीनच्या उजेडावर विसंबून तर अजिबात निर्णय घेऊ नका. डोळे दिपलेले असतात आणि कुठलाही फोटो अंधारा वाटतो.

घरी आल्यावर रॉ उघडा आणि एक्स्पोजर दोन स्टॉप खाली न्या. चुण्या आणि विणकाम वर आलं तर फाइल ठीक आहे, काम फक्त एडिटिंगचं आहे. सपाट राखाडी डाग दिसला तर ती माहिती सेन्सरवर कधी नोंदलीच गेली नाही. फिल्मच्या निगेटिव्हमध्ये उजळ भाग हळूहळू आखडत जायचा. डिजिटल सेन्सरमध्ये वरची मर्यादा भिंतीसारखी असते. भांडं भरलं की भरलं, त्यापुढचा प्रकाश मोजलाच जात नाही.

एक गोष्ट मात्र सोडून द्यायची. मोत्याच्या बटणावरचा ठिपका, सॅटिनच्या घडीवरची लकाकी, केसांजवळची उन्हाची कड हे जळणारच, आणि जळलेलंच शोभतं. वाचवायचा आहे तो कापडाचा पोत.

तिसरी शक्यता जरा लपलेली असते. साधा पांढरा हिस्टोग्राम ठीक दिसतो, पण लाल, हिरवा, निळा यांतला एकच चॅनल कापला गेलेला असतो. तो हिस्टोग्राम सहसा उजेडाचा हिशेब करतो, आणि त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, लालचा ३० आणि निळ्याचा जेमतेम ११ टक्के धरलेला असतो. निळा चॅनल फुटला तरी तिथे पत्ता लागत नाही. सावलीत निळ्या आभाळाचा प्रकाश पडतो आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाप्रमाणे करायची सेटिंग) 'डेलाइट'वर राहिलेला असतो, तेव्हा नेमकं हेच होतं. त्यात कपडे धुण्याच्या पावडरीची भर पडते. बऱ्याच पावडरींमध्ये 'ऑप्टिकल ब्राइटनर' असतं. ते उन्हातले अतिनील किरण शोषून घेतं आणि निळसर प्रकाश म्हणून बाहेर टाकतं. नव्याकोऱ्या किंवा नुकत्याच धुतलेल्या शर्टाला उन्हात जी निळी झळाळी दिसते ती हीच. उपाय सोपा आहे: तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि व्हाइट बॅलन्स जागेप्रमाणे बदला.

कारण पहिलं: शटरच संपलंय

हे सगळ्यात आधी तपासा, कारण हे तपासायला दहा सेकंद लागतात आणि अनेकांचा प्रश्न इथेच सुटतो.

लख्ख उन्हाचा जुना ठोकताळा आहे: एफ/१६ ला शटर म्हणजे एक भागिले आयएसओ, सेकंदांत (एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा, तो जितका लहान तितकं छिद्र मोठं; आयएसओ म्हणजे संवेदनशीलता). आयएसओ १०० ला १/१००. आता पोर्ट्रेटसाठी आपण लेन्स उघडतो. एफ/२.८ म्हणजे पाच स्टॉप जास्त प्रकाश, म्हणून शटर १/३२०० हवं. एफ/१.८ ला ते सुमारे १/८००० वर जातं. तुमच्या कॅमेऱ्याचं मेकॅनिकल शटर १/४००० ला थांबत असेल तर एफ/१.८ वर प्रत्येक फोटो एक स्टॉप जास्तच येणार. अपर्चर प्रायॉरिटीमध्ये (छिद्र आपण ठरवतो, शटर कॅमेरा) कॅमेरा शटरचा आकडा लुकलुकवून हे सांगत असतो, पण आपलं लक्ष चेहऱ्याकडे असतं. चेहरा एक स्टॉप जास्त सहन करतो, पांढरा शर्ट करत नाही. म्हणून चूक फक्त शर्टावर दिसते आणि शर्टालाच दोष जातो.

उपाय: लेन्स एफ/४ पर्यंत बंद करा, किंवा इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर ते वापरा, किंवा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, लावा. तीन स्टॉपचा एनडी८ लावला की १/८००० चं १/१००० होतं.

आयएसओ खाली नेऊन सुटेल असं वाटतं, पण इथे सापळा आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत १०० च्या खाली 'लो' किंवा ५० अशी सेटिंग असते. ती सेन्सरची मूळ संवेदनशीलता नसते. कॅमेरा एक स्टॉप जास्त प्रकाश आत घेतो आणि फाइल नंतर खाली ओढतो. म्हणजे वरची जागा एक स्टॉपने कमी होते, आणि पांढऱ्याला हवी असते ती नेमकी वरचीच जागा. उन्हात 'लो' वापरू नका. जाता जाता ऑटो आयएसओची किमान मर्यादाही पाहा. आदल्या संध्याकाळची ४०० ची मर्यादा तशीच राहिलेली मी अनेकांच्या कॅमेऱ्यात पाहिली आहे.

कारण दुसरं: मीटर चेहऱ्याचं ऐकतोय

कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारा भाग, जे पाहतो ते मध्यम राखाडी समजतो. स्वच्छ पांढरं सुती कापड त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतं. मध्यम राखाडी १८ टक्के धरली तर शर्ट तिच्यापेक्षा सव्वादोन स्टॉप वर बसतो. इथपर्यंत सगळं ठीक, एवढी जागा कॅमेऱ्यात असते.

पण आता बहुतेक कॅमेरे चेहरा ओळखून त्याच्यावरच मीटरिंग करतात. गोऱ्या त्वचेवर ते निभावतं, कारण ती मध्यम राखाडीपेक्षा स्टॉपभर उजळ असते आणि मीटर तिला थोडी खालीच ओढतो. सावळ्या किंवा काळ्या त्वचेचं परावर्तन १० टक्के किंवा त्याहून कमी असू शकतं. मीटर त्या चेहऱ्याला मध्यम राखाडीपर्यंत उचलतो, त्याबरोबर शर्टही उचलला जातो. चेहरा आणि शर्ट यांतलं अंतर तीन स्टॉपच्या पुढे गेलं की जेपेगची भिंत येते. इथे दुहेरी नुकसान होतं: शर्ट जळतो आणि चेहऱ्याचा खरा, सखोल रंगही धुऊन निघतो. सावळा चेहरा फोटोत सावळाच यायला हवा. मीटरने तो उजळ केला तर ती एक्स्पोजरची चूक आहे, आणि ती सुधारणं आपलं काम आहे.

याच गटातला आणखी एक प्रकार. पांढऱ्या ड्रेसने फ्रेम भरलेली असते, मीटर तिला राखाडी करतो, म्हणून आपण कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या हिशेबात करायची वाढ-घट) +१ स्टॉप करतो. बरोबरच आहे. मग चार पावलं मागे येतो, फ्रेममध्ये गर्द झाडी येते, मीटर आता स्वतःच एक्स्पोजर वाढवतो आणि आपलं +१ तसंच राहिलेलं असतं. ड्रेस गेला.

त्यामुळे उन्हात, पांढऱ्या कपड्यांसाठी मी मॅन्युअल मोडवर काढतो, म्हणजे सगळे आकडे स्वतः लावतो. स्पॉट मीटर (फ्रेमचा छोटासा ठिपकाच मोजणारा) कापडाच्या सगळ्यात उजळ पण पोत असलेल्या जागेवर धरतो. ती बहुधा खांदा असते किंवा कॉलरची वरची बाजू. मग ती जागा मीटरवर +२ ला येईल असं शटर लावतो. जेपेगच काढायचं असेल तर +१.७. माणूस आणि ऊन बदलत नाही तोपर्यंत त्या आकड्यांना हात लावत नाही. मागे झाडी येवो की आभाळ, शर्ट तोच राहतो.

हे +२ तुमच्या कॅमेऱ्यासाठी नेमकं किती, ते एकदाच शोधून ठेवा. पांढरा टर्किश टॉवेल उन्हात दोरीवर टाका, स्पॉट मीटर त्याच्यावर धरा आणि ० पासून +४ पर्यंत, एक तृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी रॉ फोटो काढा. टॉवेलवरच्या दोऱ्यांचे फासे पाहत जा. खाली ओढून पाहिल्यावर ज्या फोटोत फासे पहिल्यांदा एकमेकांत मिसळून सपाट होतात, त्याच्या दोन पायऱ्या आधीचा आकडा तुमचा. हा आकडा प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा येतो. दुसऱ्याचा घेऊ नका.

अँसल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या आसपास बांधलेली झोन पद्धत हेच सांगते. एक झोन म्हणजे एक स्टॉप: पाचवा झोन मध्यम राखाडी, सातव्यात उजळ भागाचा पोत नीट दिसतो, आठव्यात त्याचा शेवटचा अंश उरतो. पांढरा शर्ट सातव्याच्या आसपास बसवायचा.

मिररलेस कॅमेरा असेल तर झेब्रा (जळू लागलेल्या भागावर उमटणारे तिरपे पट्टे) १०० वर लावा. फोटो काढण्याआधीच कापडावर पट्टे दिसतात. काही कॅमेऱ्यांत उजळ भागाला जपणारं मीटरिंगही असतं. निकॉनने ते २०१४ च्या डी८१० मध्ये आणलं. ते छान चालतं, फक्त फ्रेममध्ये चकाकणारी गाडी किंवा पाणी असेल तर ते त्यालाच जपायला जातं आणि सगळा फोटो अंधारतो.

कारण तिसरं, आणि खरं मूळ: खांद्यावर ऊन, चेहऱ्यावर सावली

वरचं सगळं केलं, शर्ट वाचला, आणि चेहरा अजून काळाच आहे? मग कॅमेऱ्यात काही बिघडलेलं नाही. बिघाड प्रकाशात आहे.

दुपारी ऊन वरून येतं. खांदे, कॉलर, छातीचा वरचा भाग त्याला थेट सामोरे असतात. कपाळाची कड मात्र डोळ्यांवर सावली टाकते, आणि टोपी असेल तर अख्खा चेहरा सावलीत जातो. म्हणजे कापड मुळातच चेहऱ्यापेक्षा उजळ, त्यात त्याला ऊनही कितीतरी जास्त. दोन्ही मिळून पाच-सहा स्टॉपचं अंतर सहज होतं. कुठलीही सेटिंग हे अंतर मिटवत नाही, ती फक्त कोणाचा बळी द्यायचा ते ठरवते. म्हणूनच तो झोका संपत नाही.

अंतर कमी करायचं असेल तर माणूस हलवा. इमारतीच्या किंवा मोठ्या भिंतीच्या सावलीत, उन्हाच्या रेषेपासून एक-दोन पावलं आत, तोंड मोकळ्या आभाळाकडे. तिथे चेहरा आणि कापड यांच्यावर सारखाच प्रकाश पडतो आणि उरतं ते फक्त कापडाच्या पांढरेपणाचं अंतर, जे कॅमेरा पेलतो. झाडाच्या विरळ सावलीचा मोह टाळा. पानांमधून पडलेले कवडसे चेहऱ्यावर एक वेळ चालतील, पांढऱ्या कापडावर ते भोकं पडल्यासारखे दिसतात.

सावली नसेल तर सूर्य पाठीशी घ्या. समोरचा शर्ट आणि चेहरा दोन्ही सावलीत येतात, खांद्यावर फक्त एक उजळ कड राहते. ती कड जळू द्या, पण अरुंद ठेवा. माणसाला किंचित पुढे झुकायला सांगितलं की ती रुंदावते, सरळ उभं केलं की आक्रसते. सोबत कुणी असेल तर डोक्यावर पांढरं डिफ्युझर, म्हणजे ऊन मऊ करणारं पातळ कापड, धरायला सांगा. मात्र मग बॅकग्राउंड तुलनेने उजळ होतं, म्हणून मागे सावलीतली किंवा गडद जागा निवडा.

रिफ्लेक्टरबद्दल (प्रकाश परत फेकणारा पांढरा-चंदेरी फलक) थोडं सविस्तर, कारण इथे हमखास चूक होते. रिफ्लेक्टर चेहरा उजळवतो, पण तो शर्टही तेवढाच उजळवतो. कमरेपाशी धरून खालून वर मारला तर शर्टालाच आधी लागतो. अंतर जिथल्या तिथे राहतं आणि पुन्हा जळतं. रिफ्लेक्टर चेहऱ्याच्या उंचीवर, बाजूने धरा आणि इतका वर कलता करा की त्याच्या झोताची खालची कड हनुवटीजवळ संपेल. कॉलरवर झोत पडतोय का ते डोळ्यांनी पाहा. कलता करताना ती उजेडाची रेषा कापडावरून वर सरकताना स्पष्ट दिसते. चंदेरी बाजूने डोळे मिचकतात, पांढरी बाजू वापरा.

फ्लॅशचंही तेच: आधी एक्स्पोजर शर्टासाठी लावायचं, मग चेहऱ्यापुरता हलका फ्लॅश द्यायचा, खालच्या बाजूला काळा पुठ्ठा लावून किंवा झोत अरुंद करणारी जाळी, म्हणजे ग्रिड, चढवून. साधा फ्लॅश १/२०० किंवा १/२५० च्या वर सिंक होत नाही, म्हणजे शटरशी जुळत नाही. फ्लॅश कनेक्ट झाला की कॅमेरा मुकाट्याने १/२५० वर येतो आणि उघड्या लेन्सवर सगळंच जळतं. हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरवरही फ्लॅश चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर एनडी३२ लावा. पाच स्टॉप कमी झाले की एफ/१.८ चं १/८००० बरोबर १/२५० वर येतं.

मोबाइलवर: खांद्यावर बोट दाबून धरा, लॉक होऊ द्या, मग उजेडाची पट्टी खाली ओढा. एचडीआर चालू ठेवा. सावलीचा नियम तिथेही तोच.

एडिटिंगमध्ये

फाइल वाचलेली असेल तर काम थोडंच असतं. 'हायलाइट्स' पट्टी पार −१०० ला नेऊ नका. त्याने पोत येतो पण शर्ट मळकट होतो. त्याऐवजी फक्त कपड्यावर मास्क घ्या (म्हणजे बदल तेवढ्याच भागाला लागतो), एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली आणि कॉन्ट्रास्ट किंचित वर. ० ते २५५ च्या मापात पोत असलेला पांढरा भाग २३५ ते २४५ च्या दरम्यान हवा. प्रिंट काढायची असेल तर हे अधिकच पाळा, कारण २५५ म्हणजे तिथे शाईच पडत नाही, कोरा कागद दिसतो. चेहरा वेगळ्या मास्कने उचला. मूळ आयएसओवर काढलेली फाइल एक स्टॉप सहज देते.

अर्धवट जळलेल्या फाइलबद्दल एक दिलासा. उन्हात सेन्सरचा हिरवा चॅनल बहुधा सगळ्यात आधी भरतो. लाल आणि निळा शिल्लक असतील तर सॉफ्टवेअर त्यांच्यावरून हरवलेला पोत पुन्हा बांधू शकतं. पांढऱ्या कापडाला मुळात रंग नसल्यामुळे हे त्याच्यावर चांगलं जमतं. त्वचेवर असं केलं की रंग विचित्र होतात. तिन्ही चॅनल भरले असतील तर मात्र सोडून द्या. त्या जागी राखाडी ओतण्यापेक्षा स्वच्छ पांढरं बरं.

काकूंना मी पुन्हा बोलावलं, त्याही तोच ब्लाउज घालून आल्या. तोपर्यंत आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. पांढऱ्यावरचा पांढरा दोरा रंगाने दिसत नाही, त्याच्या इवल्याशा सावलीने दिसतो. एक्स्पोजर अगदी बरोबर असलं आणि प्रकाश समोरून सपाट आला, तरी वेल दिसली नसती. म्हणून त्यांना भिंतीच्या सावलीत, पण कडेच्या जवळ उभं केलं, मोकळं आभाळ त्यांच्या डाव्या हाताला ठेवून. प्रकाश कॉलरवरून आडवा घसरत होता. आयएसओ १००, एफ/४, १/२५०. कॉलर मीटरवर +२ च्या जराशी खाली. चेहऱ्याला मी नंतर अर्धा स्टॉप दिला.

लॅपटॉपवर १०० टक्के झूम केलं तेव्हा एकेक टाका वेगळा दिसत होता. काकूंनी स्क्रीनवर बोट ठेवून पानं मोजली. नऊ दिसत होती. "दहावं घडीत आहे," त्या म्हणाल्या आणि कॉलर उलटून दाखवलं.